लॉगफ्रेम: आधी चौथा रकाना बघा

विकास प्रकल्पासाठी निधी मागायचा म्हटलं की प्रपोजलसोबत एक तक्ता जोडावाच लागतो. चार ओळी, चार रकाने. पूर्ण नाव लॉजिकल फ्रेमवर्क, रोजच्या बोलण्यात लॉगफ्रेम. फंडिंग देणारी संस्था बदलली की ओळींची नावं बदलतात, एखादा रकाना वाढतो, पण सांगाडा अर्धशतकाहून जास्त काळ तोच आहे. हे साधन काय देतं, कुठे दगा देतं आणि कोणी त्याच्या वाटेला जाऊ नये, ते इथे तपासलं आहे. गुण द्यायचे तर पाचपैकी साडेतीन. त्यातले बरेचसे चौथ्या रकान्याने मिळवलेले आहेत, आणि नेमका तोच रकाना बहुतेक प्रपोजलमध्ये शेवटच्या दिवशी घाईघाईत भरलेला दिसतो.

आधी तक्ता वाचायची रीत. डावा रकाना खालून वर चढतो: उपक्रम, आउटपुट, आउटकम, इम्पॅक्ट. उपक्रम म्हणजे प्रकल्पातली माणसं जे करतात ते. आउटपुट म्हणजे त्यातून जे हाती येतं आणि ज्याची जबाबदारी पूर्णपणे प्रकल्पाची असते: बसवलेले हातपंप, दुरुस्ती शिकलेले लोक. आउटकम म्हणजे त्या आउटपुटचा इतरांनी केलेला वापर आणि त्यातून त्यांच्या वागण्यात किंवा स्थितीत पडलेला फरक. इम्पॅक्ट हा दूरचा, अनेकांच्या कामातून होणारा बदल. तो एकट्या प्रकल्पाने घडवला असा दावा कोणी करू नये. दुसऱ्या रकान्यात निर्देशक, म्हणजे यश मोजायच्या खुणा, तिसऱ्यात ते कशावरून पडताळायचे, चौथ्यात गृहीतकं, म्हणजे प्रकल्पाच्या हातात नसलेल्या पण त्याला लागणाऱ्या गोष्टी. उपक्रमांच्या ओळीत निर्देशकांच्या जागी साधनसामग्री आणि खर्च लिहायची पद्धत आहे.

वाचायचं सरळ वर नाही, नागमोडी. उपक्रम पार पडले आणि त्याच ओळीतली गृहीतकं खरी ठरली, तर आउटपुट हाती येतील. आउटपुट आले आणि त्यांच्या ओळीतली गृहीतकं खरी ठरली, तर आउटकम साधेल. तसंच पुढे इम्पॅक्टपर्यंत. अगदी तळाशी वेगळ्या चौकोनात पूर्वअटी असतात. जागेचा हक्क, सरकारी परवानगी अशा, ज्या पूर्ण झाल्याशिवाय पहिला उपक्रमही सुरू करता येत नाही. सगळ्यात वरच्या ओळीतला गृहीतकांचा चौकोन अनेक नमुन्यांत रिकामाच असतो, कारण तिथून वर चढायला ओळ उरलेली नसते. तक्ता तपासताना हे 'आणि' मोठ्याने म्हणत वाचावं. मनातल्या मनात वाचलं की डोळा चौथा रकाना चुकवून सरळ वर सरकतो आणि सगळं कसं छान जुळलंय असं वाटतं.

चौथ्या रकान्याची किंमत कळायला बांगलादेशातल्या कूपनलिका पुरेशा आहेत. तळ्यांचं, ओढ्यांचं जंतुमिश्रित पाणी पिऊन मुलं अतिसाराने दगावत होती, म्हणून 1970 च्या दशकात युनिसेफ आणि तिथल्या सरकारी यंत्रणेने उथळ कूपनलिकांचा मोठा कार्यक्रम राबवला. पुढे लोकांनी पदरच्या पैशानेही लाखो कूपनलिका खोदून घेतल्या. जंतूंपुरतं बोलायचं तर पाणी चांगलं होतं. 1993 मध्ये त्यात आर्सेनिक सापडलं. जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा लिटरला 10 मायक्रोग्रॅम, बांगलादेशचं स्वतःचं मानक 50; असंख्य कूपनलिका या सैल मानकाच्याही वर निघाल्या. हे तक्त्यात मांडून बघा. आउटपुट: कूपनलिका. आउटकम: कुटुंबं तळ्याऐवजी भूजल पितात. इम्पॅक्ट: आजार आणि मृत्यू घटतात. आउटकमच्या ओळीत एक गृहीतक न लिहिताच ठाण मांडून होतं: जमिनीखालचं पाणी रासायनिकदृष्ट्या पिण्याजोगं आहे. त्या काळी पाण्याच्या नेहमीच्या तपासणीत आर्सेनिक धरलंच जात नसे, त्यामुळे तक्ता भरला असता तर अनर्थ टळलाच असता असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. पण हे वाक्य कागदावर आलं असतं, तर 'कशावरून? कुठल्या घटकांची तपासणी केली?' हा प्रश्न विचारायला निदान एक जागा तयार झाली असती. न लिहिलेल्या गृहीतकाला प्रश्न विचारताच येत नाही.

गृहीतक गाळून घ्यायची एक ठरलेली चाळणी आहे आणि ती उत्तम आहे. घटक बाहेरचा आणि खरोखर महत्त्वाचा आहे का? नसेल तर सोडून द्या. तो घडणार याची जवळजवळ खात्री असेल तर लिहू नका, जागा वाया जाते. घडण्याची बऱ्यापैकी शक्यता असेल तर लिहा आणि दर तिमाहीला त्यावर नजर ठेवा. शक्यता कमी असेल तर आराखडा बदलून तो घटक प्रकल्पाच्या आत घेता येतो का ते पाहा. येत असेल तर घ्या. त्याने उपक्रम वाढतील, खर्च वाढेल, ते सोसा. येत नसेल तर ते घातक गृहीतक, आणि प्रकल्प करायचा नाही. ही शेवटची पायरी सगळ्यांना तोंडपाठ असते, पण 'करू नका' या निष्कर्षाला पोचलेली कार्यशाळा विरळाच. टेबलाभोवती बसलेल्यांपैकी निम्म्यांचे पगार त्याच प्रकल्पातून निघायचे असतात.

हातपंपाचंच घ्या. 'वायसर आणि सुटे भाग स्थानिक बाजारात मिळत राहतील' हे आउटपुटच्या ओळीतलं रास्त गृहीतक वाटतं. चाळणीतून घालायला गेलं की जवळच्या दुकानदाराकडे ते भाग नाहीतच असं निघतं. मग दोन वाटा: भाग ठेवणारा विक्रेता उभा करणं हा उपक्रम म्हणून आत घ्यायचा, किंवा बाजारात सहज मिळणाऱ्या भागांवर चालणारा पंप निवडायचा. दोन्हींत तक्त्याने आराखडा बदलायला लावला. साधनाची खरी कमाई ही.

याउलट तीन वाक्यं अशी आहेत की ती दिसली की तक्ता दुसऱ्या प्रपोजलमधून उचललाय हे ओळखावं: 'राजकीय स्थैर्य राहील', 'नैसर्गिक आपत्ती येणार नाही', 'समुदायाचा सहभाग लाभेल'. पहिली दोन इतकी ढोबळ आहेत की त्यांवर नजर ठेवणं अशक्य. कुठल्या आपत्तीने, किती आठवडे रस्ता बंद राहिला तर काम थांबेल, असं लिहिलं तर उपयोग. तिसरं तर गृहीतकच नाही. लोकांचा सहभाग मिळवणं हे प्रकल्पाचं काम. ते बाहेरच्या रकान्यात ढकलणं म्हणजे उद्याच्या अपयशाची सबब आज लिहून ठेवणं.

आता प्रक्रियेकडे, कारण नुसता तक्ता घेणारे इथेच फसतात. तक्ता ही शेवटची पायरी आहे. त्याआधी हितसंबंधी कोण ते बघणं, समस्यावृक्ष, उद्दिष्टवृक्ष, मग कुठली फांदी धरायची याची निवड. जर्मन मदतसंस्था जीटीझेडने 1980 च्या दशकात हे सगळं भिंतीवरच्या कार्डांवर आणलं आणि 'त्सॉप' या नावाने आपल्या प्रकल्पांना सक्तीचं केलं. कार्डांचे नियम आजही तेच बरे: एका कार्डावर एकच मुद्दा, जाड मार्करने, जास्तीत जास्त तीन ओळी, खोलीच्या दुसऱ्या टोकावरून वाचता येईल एवढं अक्षर. लोक पंधरा ते पंचवीस. त्याहून जास्त असतील तर गट पाडा. कार्ड कोणी लिहिलं हे विचारायचं नाही. साहेबांसमोर जे तोंडाने निघत नाही ते कार्डावर निघतं, आणि एवढ्यासाठीही मार्करचा खर्च वसूल होतो. लिहिता न येणारे लोक खोलीत असतील तर चित्रं किंवा लिहून देणारा माणूस आधीच ठरवावा, नाहीतर वृक्ष फक्त शिकलेल्यांचा होतो.

समस्यावृक्षात सर्रास होणारी चूक म्हणजे समस्येच्या जागी उत्तराचा अभाव लिहिणं. 'हातपंप नाहीत' ही समस्या नव्हे. ते लिहिणाऱ्याने उत्तर आधीच ठरवलंय. 'कुटुंबं उघड्या तळ्याचं पाणी पितात' ही समस्या. पहिल्या कार्डातून एकच उत्तर निघतं, दुसऱ्यातून पाच. कार्डांवर 'अभाव', 'नाही', 'कमतरता' हे शब्द वरचेवर दिसू लागले की थांबून विचारावं: या अभावाने नेमकं काय होतं? जे उत्तर येईल ते कार्डावर लिहावं आणि पहिलं काढून टाकावं. मधोमध मुख्य समस्या, खाली कारणं, वर परिणाम. दोन कार्डं परस्परांचं कारण आहेत असं दिसलं तर त्यांचं लेखन ढिसाळ आहे किंवा खरोखरच दुष्टचक्र आहे. दुसऱ्या बाबतीत मात्र ही पद्धत तोकडी पडते; वृक्षाला फांद्या फुटतात, फेरे घेता येत नाहीत.

उद्दिष्टवृक्ष म्हणजे प्रत्येक नकारात्मक वाक्य उलटं करणं. हे यंत्रासारखं करून चालत नाही. 'पाऊस कमी पडतो' उलटवून 'पाऊस पुरेसा पडतो' असं कार्ड लावलेलं दिसतं. ते कोणाचं उद्दिष्ट? असली कार्डं तिथून काढून थेट गृहीतकांत टाकायची. उलटवल्यावर खालचं साधून वरचं खरंच साधेल का हेही पुन्हा तपासायचं, कारण कारण काढलं की परिणाम जातोच असं नाही.

फांदी निवडताना जे घडतं त्याकडे फार कमी लोक लक्ष देतात. समजा मुलांच्या अतिसाराची तीन कारणं वृक्षावर आहेत: स्रोत दूषित, घरात साठवलेलं पाणी दूषित होतं, हात धुतले जात नाहीत. प्रकल्पाने पैशाअभावी पहिली फांदी धरली. उरलेल्या दोन फांद्या भिंतीवरून उतरल्या म्हणून जगातून गेल्या नाहीत. स्रोताशी स्वच्छ असलेलं पाणी घागरीपर्यंत पोचेतो पुन्हा दूषित होतं, हे पाण्यावर काम करणाऱ्यांना चांगलं ठाऊक असतं. त्या दोन फांद्या आउटकमच्या ओळीत गृहीतक म्हणून उतरल्या पाहिजेत: 'साठवण सुरक्षित राहील', 'हात धुण्याची सवय लागेल'. मग चाळणी. त्यांवर दुसरं कोणी काम करत असेल तर ठीक. कोणीच नसेल तर इम्पॅक्टच्या ओळीत अतिसाराचा आकडा लिहिण्याचा अधिकार प्रकल्पाला नाही. वृक्ष आणि तक्ता यांना जोडणारा हा दुवा कित्येक प्रशिक्षणांत एका स्लाइडवर उरकतात. त्याला अर्धा दिवस दिला पाहिजे.

आउटकम एकच ठेवा हा नियम जाचक वाटतो, पण पाळावा. दोन आउटकम म्हणजे बहुधा दोन प्रकल्प एका बजेटात कोंबलेले. त्याहून वाईट म्हणजे आउटपुटचीच बेरीज आउटकम म्हणून लिहिणं: आउटपुट 'दाई प्रशिक्षित', 'केंद्र सुसज्ज', आणि आउटकम 'आरोग्यसेवा बळकट'. यात कोणी दुसऱ्याने काही वेगळं केलेलंच नाही. तपासायला सोपं आहे: आउटकमच्या वाक्याचा कर्ता प्रकल्प असेल किंवा कर्ताच नसेल तर वाक्य चुकलं. 'गरोदर बाया केंद्रात येऊन बाळंत होतात' असं म्हटलं की कर्ता आला, आणि त्या का येणार नाहीत हा प्रश्नही आला.

ओळी एकमेकींवर बसतात का हे बघायला कधी कधी नुसता भागाकार पुरतो. प्लेपंप या योजनेचं उदाहरण बोलकं आहे. मुलं गोल चक्रावर खेळतील आणि त्या फिरण्याने पाणी टाकीत चढेल, अशी कल्पना. 2006 मध्ये जाहीर झालेलं लक्ष्य होतं 2010 पर्यंत आफ्रिकेतल्या दहा देशांत 4,000 पंप आणि 1 कोटी लोकांना पाणी. म्हणजे पंपामागे 2,500 माणसं. माणशी दिवसाला किमान 15 लिटर धरलं तर 37,500 लिटर. पंपाची सांगितलेली क्षमता ताशी 1,400 लिटर. भागा: दिवसाला जवळजवळ 27 तास. हा हिशोब 2009 मध्ये एका ब्रिटिश वृत्तपत्राने छापला, तोवर पंप बसायला लागून वर्षं उलटली होती. आउटपुट आणि आउटकमच्या चौकोनांत एकेक आकडा असता आणि कोणी पेन्सिल घेऊन बसलं असतं तर दहा मिनिटांचं काम होतं. मुलं सतत खेळत राहतील, हे चौथ्या रकान्यातलं वाक्य लिहायलाही अवघड गेलं असतं.

निर्देशक पायरीपायरीने बांधावा. सुरुवात 'सुरक्षित पाण्याचा वापर वाढेल'. कोणाचा? पाच वर्षांखालची मुलं असलेल्या कुटुंबांचा. किती? 35 टक्क्यांवरून 70. सुरक्षित म्हणजे काय? घरात साठवलेल्या पाण्याच्या 100 मिलिलिटर नमुन्यात ई. कोलाय, म्हणजे विष्ठेतून येणारे जंतू, आढळत नाहीत. कधीपर्यंत? 36 व्या महिन्याअखेर. कुठे? प्रकल्पातल्या 12 गावांत. आता तिसरा रकाना: कोण मोजणार, किती वेळा, कुठल्या पैशाने. 'प्रकल्पाचे अहवाल' हे उत्तर बाद. आपल्या दाव्याला आपलाच अहवाल साक्षीला उभा करणं आहे ते. राष्ट्रीय आरोग्य पाहणीचा आकडा फुकट मिळतो, पण अशा पाहण्या साधारण पाच वर्षांच्या अंतराने होतात आणि आकडे प्रांताच्या पातळीवर देतात. तीन वर्षांच्या, बारा गावांच्या प्रकल्पाला तो निर्देशक वापरता येत नाही, तरी तो इम्पॅक्टच्या ओळीत हटकून सापडतो.

स्वतः पाहणी करायची तर नमुन्याचा हिशोब आधी करा. 95 टक्के विश्वासपातळी आणि 5 टक्के कमी-जास्त चूक चालवून घ्यायची असेल तर साध्या यादृच्छिक नमुन्यात सुमारे 385 कुटुंबं लागतात. गावागावांतून गठ्ठ्याने निवड केली तर नमुना दुपटीच्या आसपास न्यावा लागतो, म्हणजे 770. एवढं करूनही लहान बदल पकडता येत नाहीत: 385 च्या दोन यादृच्छिक नमुन्यांत 35 टक्क्यांवरून 40 वर गेलेला आकडा निव्वळ योगायोगही असू शकतो. ज्या प्रकल्पाला पाच टक्क्यांचाच फरक अपेक्षित आहे त्याने 385 चा नमुना बजेटात धरणं म्हणजे पैसे खर्चून काहीच न कळण्याची व्यवस्था. मोजणीचा खर्च परवडत नसेल तर निर्देशक बदला. बेसलाइनचा, म्हणजे काम सुरू होण्याआधीच्या स्थितीचा आकडा 'पहिल्या वर्षात ठरवू' असं लिहिलेलं असेल तर समोरचं 70 टक्क्यांचं लक्ष्य कुठून आलं हे विचारायला लाजू नये. बेसलाइन लांबते, दरम्यान पंप बसतात, आणि मग पाहणी वरातीमागून घोड्यासारखी येते.

दर पातळीला एक ते तीन निर्देशक. साठ निर्देशकांचे तक्ते आहेत. त्यांतले पन्नास फक्त वार्षिक अहवालाच्या आदल्या आठवड्यात जिवंत होतात. एक तोटा मात्र निर्देशक कितीही नीट लिहिला तरी टळत नाही: जे मोजलं जातं त्याकडे काम ओढलं जातं. शौचालयांची संख्या मोजली की शौचालयं बांधली जातात, वापर मोजला की वापराकडे बघितलं जातं, आणि न मोजलेल्या कोपऱ्यात काय बिघडलं ते तक्त्याला दिसत नाही. अनपेक्षित परिणामांसाठी या चौकटीत रकानाच नाही. पंप बसल्यावर त्याच्या चाव्या कोणाच्या हातात गेल्या, कोणाला रांगेतून हाकललं, हे कळायला वेगळी सोय लागते. पुरुष-बायका, सधन-निर्धन असे आकडे वेगवेगळे मागितले तर थोडं दिसतं, सगळं नाही.

आता तक्त्याच्या वेगवेगळ्या नमुन्यांची तुलना. मूळ तक्ता यूएसएड या अमेरिकी सरकारच्या मदतसंस्थेचा. 1969 मध्ये तिने लिऑन रोझेनबर्ग आणि सहकाऱ्यांकडून आपल्या मूल्यमापन पद्धतीची तपासणी करून घेतली. तीन दुखणी निघाली: प्रकल्प यशस्वी झाला तर नेमकं काय दिसेल हे आराखड्यात स्पष्ट नसे, व्यवस्थापकाची जबाबदारी कुठे संपते ते ठरलेलं नसे, आणि आधी काहीच ठरलेलं नसल्याने मूल्यमापन म्हणजे भांडण होई. या तिन्हींवर हा तक्ता उतारा म्हणून आला, आणि त्या मापाने तो आजही खरा उतरतो. गंमत अशी की 1990 च्या दशकात यूएसएडनेच रिझल्ट्स फ्रेमवर्क ही दुसरी चौकट पुढे केली, जीटीझेडनेही त्सॉपची सक्ती सैल केली, आणि ज्या संस्थेत तक्ता जन्मला तिचे उरलेसुरले कार्यक्रम 2025 च्या जुलैत परराष्ट्र खात्याकडे गेले. तक्ता मात्र इतरांच्या अर्जांत ठणठणीत आहे.

शिकायला युरोपीय आयोगाचा 2004 चा नमुना सगळ्यांत चांगला. वृक्षापासून तक्त्यापर्यंतची वाट त्यात नीट दाखवली आहे आणि तक्ता चार पानांच्या आत ठेवा ही सूचना सोन्यासारखी. फक्त त्यातली 'रिझल्ट' ही ओळ म्हणजे इतरांचं आउटपुट; दोन देणगीदारांसाठी एकच तक्ता फिरवणारे इथे हमखास अडखळतात. काम सुरू झाल्यावर देखरेखीसाठी डीएफआयडी या तेव्हाच्या ब्रिटिश विकास खात्याने 2011 च्या सुमारास रूढ केलेली रचना उजवी: प्रत्येक निर्देशकापुढे बेसलाइन, टप्प्याटप्प्याचे मैलाचे दगड, अंतिम लक्ष्य, आणि आउटकम साधण्यात प्रत्येक आउटपुटचा भार शंभरातला किती टक्के ते. भार लिहायला लागला की बजेटचा साठ टक्के भाग खाणाऱ्या आउटपुटचा भार पंधरा का, हा प्रश्न आपोआप निघतो. त्या बदल्यात कागद लांबतो, गृहीतकांचा रकाना कडेला चेपला जातो, आणि तोच तर जपायचा होता. दोन्ही वापरायची मुभा असेल तर आखणी युरोपीय नमुन्यावर करा, देखरेख ब्रिटिश नमुन्यावर.

थिअरी ऑफ चेंज, म्हणजे बदल कसा आणि का घडेल याची मांडलेली साखळी, मागणारे आता पुष्कळ आहेत. ती नीट केली तर चौथा रकाना फुलवून मधोमध आणल्यासारखं होतं, कारण प्रत्येक बाणाला 'का?' विचारता येतं. पण बाजारात जी दिसते ती बरेचदा लॉगफ्रेमच, फक्त आडवी केलेली आणि बाण रंगवलेली. कॅनडाच्या आयडीआरसी या विकास-संशोधन संस्थेने 2001 मध्ये मांडलेलं आउटकम मॅपिंग मात्र खरोखर वेगळं साधन आहे: ज्यांच्याशी प्रकल्पाचा थेट संबंध येतो त्यांच्या वागण्यातला बदल 'निदान हे दिसेल', 'हे दिसलं तर बरं', 'हे दिसलं तर फारच उत्तम' अशा चढत्या खुणांनी टिपायचा. कायदा बदलण्यासाठी दबाव, संघटन, हक्कांची लढाई अशा कामांना तेच शोभतं. तिथे लॉगफ्रेम लावली की दोन वर्षांनी कुठला कायदा कुठल्या महिन्यात होईल याचं भाकीत करावं लागतं आणि मग कागदी घोडे नाचवणं आलं. आपत्तीनंतरच्या पहिल्या आठवड्यांतही वृक्ष काढत बसू नये. आउटपुटची साधी यादी आणि रोजचा आढावा पुरे. हस्तक्षेप माहितीतला, साखळी आखूड आणि परिस्थिती बऱ्यापैकी स्थिर, म्हणजे लसीकरण, पाणीपुरवठा, रस्ते, बियाण्यांचं वाटप, इथे लॉगफ्रेम बिनधास्त घ्यावी.

खर्चाचा अंदाज हवाच. वृक्षापासून तक्त्यापर्यंतची कार्यशाळा घाई न करता दोन ते पाच दिवस घेते, शिवाय त्याआधी प्रत्यक्ष जागेवरची पाहणी. बाहेरचा सूत्रधार घ्यावा. प्रकल्पाचा होऊ घातलेला व्यवस्थापकच कार्डं लावायला उभा राहिला की त्याच्या मनातलं उत्तर भिंतीवर येतं. देखरेख आणि मूल्यमापनासाठी बजेटच्या 3 ते 10 टक्के धरायची प्रथा आहे. निर्देशकांची यादी त्यात बसत नसेल तर यादी कापा. रात्रीत तक्ता भरून देणारे सल्लागार मिळतात आणि ते काम सफाईने करतातही. तो तक्ता मंजुरी मिळवतो. पण तो राबवणाऱ्या माणसांनी त्यातलं एकही कार्ड लिहिलेलं नसतं, म्हणून पहिला अडथळा आला की कुठलं गृहीतक कोसळलं हे सांगणारं कोणी नसतं.

शेवटचं, मंजुरीनंतर. सगळ्यात जास्त नुकसान तक्ता गोठवण्याने होतं, आणि यात देणगीदार आणि संस्था दोघांचा वाटा आहे: एकाला हिशोबासाठी स्थिर कागद हवा असतो, दुसऱ्याला बदल मागितला तर निधी अडेल अशी धास्ती. करारावर सही करतानाच कुठल्या ओळीत कोणाच्या संमतीने बदल होईल ते लिहून घ्यावं. उपक्रम बदलायला साधी कळवणी, आउटपुटची लक्ष्यं बदलायला लेखी संमती, आउटकम बदलायचा तर करारदुरुस्ती, अशी उतरंड बहुतेकांना मान्य होते. वार्षिक आढाव्याला तक्ता उजवीकडून वाचायला घ्या: आधी गृहीतकं, त्यांतलं कुठलं हललं, मग आकडे. प्रत्येक सुधारित तक्त्याच्या तळाशी तारीख आणि काय, का बदललं याची एक ओळ टाका, आणि जुनी प्रत पुसू नका. शेवटच्या मूल्यमापनाला येणारा माणूस पहिल्यांदा तीच मागतो.